श्रवण, वाचन आणि लक्ष

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो, आणि तो बहुधा थट्टेच्या सुरांत विचारला जातो. एखाद्यानें कादंबरी हातीं न धरतां केवळ कानांनीं ऐकली, तर त्यानें ती वाचली असें म्हणावें कीं म्हणूं नये? ज्यांस सर्वत्र ऑडिओबुक म्हणतात तीं श्राव्य पुस्तकें आतां मराठींतहि विपुल झालीं आहेत. स्टोरीटेल या स्वीडिश संस्थेनें २०१७ सालीं भारतांत आपलें काम सुरू केलें. तेव्हांपासून मराठी कथाकादंबऱ्या मोबाइलवर ऐकण्याचा परिपाठ पुष्कळ घरांत पडला आहे. प्रवासांत, स्वयंपाकघरांत, सकाळच्या फेरफटक्यांत लोक कादंबऱ्या ऐकतात. आणि चार मंडळी जमली म्हणजे वाचणारा ऐकणाऱ्यास कमी लेखतो व ऐकणारा वाचणाऱ्यास जुनाट ठरवितो.

हा वाद केवळ एका क्रियापदाचा असता तर त्यासाठीं चार पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, त्याच्या पोटांत एक निराळा आणि अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे. कादंबरींत जीं माणसें आपल्यापुढें आपलें सुखदुःख मांडतात, त्यांचें आपण कांहीं देणें लागतों काय? तीं माणसें कल्पित आहेत हें आपण जाणतों. तरी त्यांच्यासाठीं आपला जीव कासावीस होतो हेंहि खोटें नाहीं. हें जर एक प्रकारचें देणें असेल, तर तें फिटलें असें केव्हां म्हणावें? शेवटचें पान उलटल्यावर, शेवटचा शब्द कानीं पडल्यावर, कीं त्यानंतर केव्हां तरी?

गेल्या वर्षभरांत आम्हीं चार मराठी पुस्तकें पुरीं केलीं. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' आणि सानेगुरुजींची 'श्यामची आई' हीं दोन ऐकलीं. उद्धव शेळके यांची 'धग' आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण' हीं दोन वाचलीं. पैकीं पहिल्या दोहोंशीं आमचा परिचय तारुण्यापासूनचा. या चोहोंची समीक्षा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तें काम अधिकारी टीकाकारांचें आहे. एक श्रोता आणि एक वाचक या दुहेरी नात्यानें आमच्या मनाचें काय झालें, आणि त्यावरून वरील प्रश्नाविषयीं काय म्हणतां येईल, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम ऐकण्याची बाजू घेऊं, कारण तिच्यावर अन्याय अधिक होतो. मराठी वाङ्मय बाल्यापासून कानांच्या आधारानें वाढलें. ज्ञानेश्वरी १२९० सालीं नेवासें येथें सांगितली गेली, ती समोर बसलेल्या श्रोत्यांस. त्या श्रोत्यांस ज्ञानदेव जागोजाग संबोधितात, त्यांची विनवणी करितात, त्यांच्याजवळ अवधान मागतात. श्रीधराचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ चातुर्मासांत घरोघर मोठ्यानें वाचले जात, आणि ज्या बायकांस अक्षरओळख नव्हती त्यांस त्यांतील कथा तोंडपाठ असत. नवविधा भक्तींत पहिलें स्थान श्रवणास आहे. वाचनास तेथें निराळी जागा नाहीं. एकट्यानें, ओठ न हालवितां, डोळ्यांनींच वाचण्याची रीति सामान्य जनांत त्या मानानें अलीकडची. युरोपांतहि ती एके काळीं नवलाची होती. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत मिलान येथील बिशप ॲम्ब्रोज मनांतल्या मनांत वाचीत बसलेले पाहून ऑगस्टीनास तें इतकें विशेष वाटलें कीं, त्यानें ती गोष्ट आपल्या आत्मकथनांत नमूद करून ठेविली. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही आपली पहिली कादंबरी १८५७ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे मराठी माणसाच्या कादंबरीवाचनास अद्यापि पावणेदोनशें वर्षेंहि पुरीं झालेलीं नाहींत. ज्ञानेश्वरीपासून तेथवरचीं साडेपांचशें वर्षें तो मुख्यतः कथा ऐकतच आला.

शिवाय ज्यांस दृष्टि नाहीं, किंवा वार्धक्यानें जिची साथ सुटली आहे, त्यांचाहि विचार करावा लागतो. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला, आणि पुढल्याच वर्षीं त्याच्या भावी उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली तींत अंधांसाठीं बोलणाऱ्या पुस्तकांस अगदीं वरचें स्थान दिलें. तेव्हां 'ऐकणें म्हणजे वाचणें नव्हे' असें ठासून सांगणारा मनुष्य, नकळत कां होईना, एका मोठ्या समाजास वाङ्मयाच्या दाराबाहेर उभें करितो.

मात्र पोथीचें श्रवण आणि यंत्राचें श्रवण यांत एक भेद आहे, आणि तो लहान नाहीं. पोथी सांगणारा पुराणिक श्रोत्यांचीं तोंडें पाहत असे. कोणी डोळ्यांस पदर लावला, कोणी शंका काढली, कोणाचें मूल रडलें, कीं तो थांबे. आपल्या कानांतील आवाज आपणांस पाहत नाहीं. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटीस लिहिलेल्या शब्दाविरुद्ध अशी तक्रार करितो कीं, त्यास प्रश्न विचारला तर तो गंभीर मुद्रेनें गप्प राहतो. ध्वनिमुद्रित शब्दाची स्थिति त्याहून चमत्कारिक आहे. तो गप्पहि राहत नाहीं आणि उत्तरहि देत नाहीं. आपण विचारांत पडलों असतां तो पुढचें वाक्य बोलून मोकळा होतो. छापील पान आपण थांबलों कीं थांबतें. आवाज मात्र आपण मुद्दाम थांबवावा लागतो. त्यांत आतां त्याचा वेग दीडपट किंवा दुप्पट करण्याची सोय आहे. एका दुःखी बाईची हकीकत दीडपट वेगानें ऐकण्यांत गैर तें काय, असें कोणी विचारील. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, तीच बाई समोर बसून बोलत असती तर 'जरा लवकर आटोप' असें सांगण्याचा धीर आपणांस झाला नसता.

'श्यामची आई' ऐकतांना हा भेद आम्हांस विशेष जाणवला. सानेगुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, आणि त्याची मांडणीच श्रवणाची आहे. त्यांतील प्रकरणांस 'रात्र' असें नांव आहे, आणि अशा रात्री बेचाळीस आहेत. आश्रमांतील मित्र प्रार्थनेनंतर श्यामभोंवतीं बसतात, तो आईची एक आठवण सांगतो, आणि ती रात्र संपते. गुरुजी १९५० सालीं निवर्तले. त्यास साठ वर्षें लोटल्यावर त्यांचीं पुस्तकें प्रकाशनाच्या हक्कांतून मोकळीं झालीं, आणि आज या पुस्तकाचें वाचन कोणासहि सहज ऐकावयास मिळतें. आम्हीं तें रोज एक रात्र याप्रमाणें ऐकलें.

त्यांतील उपदेश आम्हांस पूर्वीं जड वाटे, आणि कांहीं ठिकाणीं आजहि जड वाटतो. आई प्रत्येक प्रसंगीं मुलास कांहीं ना कांहीं शिकवितेच, हें थोडें अति होतें. परंतु ऐकतांना एक गोष्ट ठळक झाली, जी पानावर तितकीशी ठळक नाहीं. हें सर्व बोलणारा मनुष्य आईवेगळा झालेला आहे. आई गेल्यानंतर मुलगा आठवीत बसला आहे, आणि आठवणाऱ्याच्या तोंडीं लहानसहान प्रसंगहि शिकवण होऊन बसतात. ज्यास आपण उपदेशाचा स्वर म्हणतों तो बराचसा वियोगाचा स्वर आहे, हें कानांस लवकर कळलें. दुसरी गोष्ट अशी कीं, दोन रात्रींच्या मधला जो दिवस, तोहि या पुस्तकाचा भाग आहे. श्यामचे मित्र दिवसभर आपापलीं कामें करीत, आणि कालची आठवण त्या कामांत मुरत असे. एका बैठकींत दहा रात्री ऐकून टाकणाऱ्यास शब्द सगळे मिळतात. मधले दिवस मात्र त्यास मिळत नाहींत.

आवाजाच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. पानावरील वाक्यास स्वर नसतो. तो वाचकानें द्यावयाचा असतो. एखादें पात्र खरें बोलतें कीं खोटें, लेखक गंभीर आहे कीं मनांतून हंसत आहे, हें ठरविण्याची जबाबदारी वाचकावर असते. श्राव्य पुस्तकांत ती दुसऱ्या कोणी आधींच पार पाडलेली असते. पु. ल. देशपांडे यांचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. अंतू बर्वा त्यांच्या स्वतःच्या आवाजांत ज्यानें ऐकला, त्यास तें व्यक्तिचित्र पुन्हां दुसऱ्या आवाजांत वाचणें जवळजवळ अशक्य होतें. तेथें लिहिणारा व बोलणारा एकच असल्यामुळें यास लाभच म्हणावयाचें. तथापि त्या लाभाबरोबर वाचकाचें एक लहानसें स्वातंत्र्य गेलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

जेथें लिहिणारा एक आणि बोलणारा दुसरा, तेथें प्रश्न अधिक नाजुक होतो. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून हरिभाऊंच्याच 'करमणूक' या साप्ताहिकांतून क्रमशः येऊं लागली. हरिभाऊ त्या वेळीं सव्वीस वर्षांचे होते. संमतिवयाच्या प्रश्नावरून महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें होतें, आणि १८९१ सालीं तो कायदा झाला. अशा वेळीं एक तरुण पुरुष यमुना नांवाच्या बाईच्या तोंडून तिचें आत्मवृत्त सांगत होता: तिचें बालपण, सासर, पतीच्या सहवासांतील थोडेसे सुखाचे दिवस, वैधव्य आणि शेवटीं बळजबरीचें केशवपन. साप्ताहिकाच्या वाचकास यमुनेला ज्या प्रसंगांत सोडावें लागे, त्याच प्रसंगांत ती त्याच्या मनांत पुढल्या अंकापर्यंत राहत असे. 'श्यामची आई' मध्यें जें काम मधला दिवस करितो, तें येथें मधला आठवडा करीत असला पाहिजे.

या कादंबरीचीं दोन निरनिराळीं वाचनें आम्हीं ऐकलीं. एक संपूर्ण, दुसरें कांहीं भागांपुरतें. दोन्ही वाचणाऱ्या स्त्रियाच. एकीचा स्वर आरंभापासून अखेरपर्यंत सरळ. दुसरी केशवपनाच्या प्रसंगीं स्वतःच हुंदके देऊं लागते. हुंदक्यांचें वाचन ऐकतांना आमचेहि डोळे भरून आले, परंतु ते लवकर कोरडे झाले. सरळ स्वरांतील तोच भाग ऐकतांना आम्हांस यंत्र बंद करून कांहीं वेळ तसेंच बसावें लागलें. याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, जो आवाज आपल्याआधीं रडतो तो आपलें रडणें आपल्या वतीनें आटोपून टाकतो. सरळ वाचणारी बाई यमुनेचें दुःख आपल्यापुढें ठेवते आणि बाजूला होते. मग त्याचें काय करावयाचें तें आपलें आपण पाहावें. श्राव्य पुस्तकें करणाऱ्यांनीं अभिनयाची हौस थोडी आवरली तर ते श्रोत्यांवर उपकारच करितील.

मात्र याच श्रवणांत एक असा लाभ झाला जो पुस्तकानें दिला नसता. हीं वाक्यें मूळचीं एका पुरुषानें एका बाईसाठीं लिहिलेलीं. शंभराहून अधिक वर्षांनीं तीं एका बाईच्या कंठांतून येतांना, उसनी घेतलेली वस्तु मालकिणीच्या घरीं परत आल्यासारखें वाटलें. आणि क्वचित् एखाद्या ठिकाणीं तें वाक्य तिच्या तोंडीं बसेना. येथें यमुना नव्हे, हरिभाऊ बोलत आहेत, हें कानास तत्काळ समजलें. डोळा अशा ठिकाणीं सहज पुढें जातो.

'धग' ही १९६० सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी आम्हीं वाचली, पण तीहि निमूटपणें नव्हे. तींतील संवाद वऱ्हाडी बोलींतले. ठाणें जिल्ह्यांत आयुष्य काढलेल्या आमच्या डोळ्यांस तीं वाक्यें पहिल्या पानापासून अडखळवूं लागलीं, म्हणून आम्ही तीं मोठ्यानें वाचूं लागलों, आणि मग तीं आपोआप सुटत गेलीं. कौतिक ही शिंप्याची बायको. नवऱ्याच्यानें संसार रेटत नाहीं, म्हणून ती तो एकटीच्या बळावर रेटूं पाहते. कष्ट, काटकसर, जिद्द, कशांतहि ती उणी पडत नाहीं, आणि तरी तिला यश येत नाहीं. शेळके तिच्यासाठीं आपल्याजवळ दया मागत नाहींत; म्हणूनच पुस्तक मिटल्यावर जो संताप मनांत उरतो तो कोणावर काढावा हें कळत नाहीं. हरिभाऊंच्या कादंबरींत निदान शंकरमामंजी आहेत. त्यांच्यावर दांतओठ खातां येतात. कौतिकेच्या दारिद्र्यास असें कोणतेंहि तोंड नाहीं.

मोठ्यानें वाचण्यांत एक विशेष आम्हांस आढळला. ऐकणारा दुसऱ्याचा आवाज घेतो. मोठ्यानें वाचणारा आपला आवाज दुसऱ्यास देतो. कौतिकेचे शब्द आपल्या तोंडून काढतांना कोणती ओळ रागाची आणि कोणती थकव्याची, हें ठरविल्यावांचून जीभ पुढें जात नाहीं. ही तिसरी रीति आपल्या घरांतून बहुतेक नाहींशी झाली आहे. पूर्वीं घरांतील एक मूल रोज संध्याकाळीं आजीस पोथी वाचून दाखवी. त्यांत पुण्य आजीस लागत असेल. परंतु वाचावयास आणि ऐकावयास तें मूल एकाच वेळीं शिकत असे.

आतां ऐकण्यावरील सर्वांत मोठा आक्षेप घेऊं. तो असा कीं, वाचणारा मनुष्य वाचतांना दुसरें कांहीं करूं शकत नाहीं, म्हणून त्याचें लक्ष अखंड असतें. ऐकणाऱ्याचे हात दुसऱ्या कामांत गुंतलेले असतात, म्हणून त्याचें लक्ष दुभंगलेलें असतें. हा आक्षेप प्रथमदर्शनीं बिनतोड दिसतो. परंतु महाराष्ट्रांतील स्त्रियांनीं शतकानुशतकें जें वाङ्मय निर्माण केलें, तें हात कामांत असतांनाच केलें. हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. दळणाऱ्या बाईचा हात जात्याच्या खुंट्यावर असे. आणि त्याच वेळीं माहेर, सासर, भाऊ, लेक, विठ्ठल, यांविषयींचें तिचें मन ओवींत उतरत असे, व जात्याच्या पलीकडे बसलेली जोडीदारीण तें ऐकत असे. त्या दोघींचें लक्ष दुभंगलेलें होतें असें म्हणण्यास फार मोठें धैर्य लागेल.

आमच्या भिवंडींत बसून या आक्षेपाचा विचार केला म्हणजे त्याची दुसरी बाजू दिसते. येथें दिवसरात्र यंत्रमाग चालतात. मागापाशीं उभ्या असलेल्या कामगारास त्या खडखडाटांत शेजाऱ्याची हांकहि धड ऐकूं येत नाहीं. कामाच्या वेळीं कथा ऐकण्याचें सुख त्याच्या वांट्यास येणारें नव्हे. अंजूरफाट्यावर मालमोटारींच्या रांगेंत अडकलेल्या गाडींत बसून कादंबरी ऐकणारा, आणि घरीं पंख्याखालीं आरामखुर्चींत कादंबरी वाचणारा, हे दोघेहि त्या मानानें भाग्यवानच. म्हणजे हातीं पुस्तक आहे कीं कानांत यंत्र, याच्या आधीं मनुष्यास फुरसत कितपत आहे, हा प्रश्न येतो. आणि ती फुरसत सर्वांस सारखी मिळत नाहीं.

आमच्या नात्यांतील एक सूनबाई भाकऱ्या करतांना कादंबऱ्या ऐकतात. पुस्तकच घेऊन कां बसत नाहीं, असें त्यांस कोणी विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "पुस्तक घेऊन बसलें कीं घरांत प्रत्येकाचें माझ्याशीं काम निघतें. परातीपुढें असलें म्हणजे मला कोणी हांक मारीत नाहीं." या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. शांतपणें बसून, एकाग्र चित्तानें वाचावें, असा उपदेश प्राध्यापक मंडळी नेहमीं करितात. परंतु त्यांची ती शांतता बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभी असते. याच सूनबाईंनीं यमुनेची कथा तव्यापुढें उभें राहून ऐकली, आणि एके दिवशीं जेवणें चाललीं असतां त्यांनीं विचारलें, "एवढीं माणसें घरांत होतीं, मग एकानेंहि त्या मामंजींचा हात कां धरला नाहीं?" पंक्तींत पुस्तक वाचलेलीं चार माणसें होतीं. कोणासहि उत्तर सुचलें नाहीं. भाकरी थापतां थापतां ऐकणाऱ्या बाईनें जो प्रश्न उचलला, तो आरामखुर्चींत वाचणाऱ्यांपैकीं एकाहि मनुष्यानें उचललेला नव्हता.

तेव्हां लक्ष हें बसण्याच्या तऱ्हेंत नाहीं, आणि डोळ्यांत वा कानांतहि नाहीं. मग तें कशांत आहे? येथें रूसोचा एक कठोर विचार आडवा येतो. १७५८ सालीं दालांबेर यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें नाटकाविरुद्ध असें प्रतिपादिलें आहे कीं, कल्पित दुःखावर अश्रु ढाळल्यानें मनुष्यास आपण आपलें कर्तव्य बजावलें असें फुकटचें समाधान मिळतें, आणि खऱ्या दुःखितासाठीं त्याच्यापाशीं कांहीं उरत नाहीं. कल्पित दुःखी मनुष्य उसने पैसे मागत नाहीं, अपरात्रीं दार ठोठावीत नाहीं. त्याच्यावर दया करणें स्वस्त पडतें. ऑगस्टीननेंहि आपण तरुणपणीं डायडोच्या मृत्यूवर रडलों, पण स्वतःच्या अवस्थेवर रडलों नाहीं, असें खेदानें लिहिलें आहे. हा विचार खोडून काढणें सोपें नाहीं. ज्या घरांत यमुनेसाठीं डोळे पुसले जातात, त्याच घरांत मोलकरणीच्या आजारपणाचा पगार कापला जाऊं शकतो, हें आपण सर्व जाणतों.

परंतु रूसोचा विचार अर्धाच खरा आहे, असें आम्हांस 'रिंगाण' वाचल्यावर वाटूं लागलें. या कादंबरीस २०२३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणासाठीं उठविलेलीं माणसें आणि मागें रानांत राहून गेलेली म्हैस, असा तिचा विषय. आपल्या दावणीचें जनावर आपल्यास ओळखीत नाहींसें झालें आहे, आणि तें तसें कां झालें याचा जाब कोणास विचारावा हें ठाऊक नाहीं, अशा माणसाची अवस्था वाचतांना आम्ही वेळोवेळीं पुस्तक खालीं ठेवीत असूं.

आतां आमच्याच तालुक्यांत पिसें आणि पांजरापूर येथें मुंबईच्या पाणीपुरवठ्याचीं मोठीं केंद्रें आहेत. भातसा धरणाचें पाणी तेथून मोठाल्या जलवाहिन्यांतून मुंबईकडे जातें. धरण शेजारच्या शहापूर तालुक्यांत. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक गांवपाडे उन्हाळा आला म्हणजे टँकरची वाट पाहत बसतात. हें आम्हांस माहीत होतें. वर्तमानपत्रांत तें दर उन्हाळ्यांत छापून येतें. कादंबरीनें आमच्या माहितींत रतीभरहि भर घातली नाहीं. तिनें एवढेंच केलें कीं, रस्त्यानें जातांना ती जलवाहिनी दिसली म्हणजे आतां ती नुसती जलवाहिनी राहत नाहीं. तिच्या एका टोंकास कोणाचें तरी गांव होतें, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. याचा त्या गांवास कांहीं उपयोग झाला काय? नाहीं. परंतु ज्याच्या मनांत हें येऊं लागलें तो मनुष्य, पुढें केव्हां पाण्याविषयीं, पुनर्वसनाविषयीं, किंवा 'विकासासाठीं कोणीतरी झळ सोसावीच लागते' या नेहमींच्या वाक्याविषयीं बोलण्याची पाळी आली, तर पूर्वींइतक्या सहजपणें बोलूं शकणार नाहीं. कादंबरी मनुष्यास चांगला करीत नाहीं. निष्काळजीपणानें बोलणें मात्र ती त्यास थोडें अवघड करिते. आमच्या मतें हेंच तें देणें, आणि पुस्तक संपल्यानंतरच तें फेडण्यास आरंभ होतो.

हरिभाऊंनीं आपल्या कादंबरीस नांव म्हणून एक प्रश्न दिला आहे. 'वाचतो कोण' असें त्यांनीं विचारलें नाहीं, 'ऐकतो कोण' असेंहि विचारलें नाहीं. यमुनेच्या घरांत तिचें रडणें ऐकणारीं माणसें होतीं. तिची दशा डोळ्यांनीं पाहणारींहि होतीं. डोळे व कान शाबूत असलेल्या माणसांनीं भरलेल्या घरांतच तें घडलें. म्हणून वाचणाऱ्यांनीं ऐकणाऱ्यांस हंसूं नये, आणि ऐकणाऱ्यांनींहि महिन्याकाठीं किती पुस्तकें संपविलीं याचा हिशेब सांगत बसूं नये. जेथें मन अडखळलें तेथें पुस्तक मिटावें, यंत्र बंद करावें, वेग वाढविण्याच्या सोयीस हात लावूं नये, आणि शक्य झाल्यास घरांतील कोणाशीं तरी त्याविषयीं बोलावें, इतकें केलें तरी पुष्कळ झालें.

आणि ज्या घरांत एकीच्या हातांत लाटणें व कानांत कादंबरी असेल, त्या घरांतील बाकीच्या मंडळीस आमची एक विनंति आहे. कानांनीं ऐकणें म्हणजे वाचणें होय कीं नव्हे, हा वाद त्यांनीं तूर्त बाजूस ठेवावा. तिच्या हातांतील लाटणें अर्धा तास दुसऱ्या कोणीतरी घ्यावें, आणि आज काय ऐकलेंस, असें तिला विचारावें.